माणुसकीच्या भिंतीवर उरलेला शर्ट पुढे कुठे जातो?

"अहो, आपण गोरगरिबांसाठी म्हणून दिलेले कपडे ती संस्था किलोवर विकते म्हणे!"

शेजारच्या काकू परवा चांगल्याच तापल्या होत्या. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना त्यांनी दोन पिशव्या भरून कपडे दिले होते. त्यात त्यांच्या सासूबाईंच्या चार सुती साड्याही होत्या. आता कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की संस्थेच्या गोदामातून कपड्यांनी भरलेला टेम्पो थेट चिंधीच्या व्यापाऱ्याकडे गेला. "वाटायचे नव्हते तर घेतले कशाला?" हा त्यांचा सवाल.

काकूंचा राग मला समजतो. पण टेम्पो गेला हेही खरं आहे, आणि तो गेला यात माझ्या मते काही गैर नाही. गैर झालंच असेल तर ते दुसरीकडेच, त्याकडे पुढे येतो. त्याआधी दिलेल्या कपड्याचा प्रवास कसा होतो, ते नीट पाहायला हवं. हा प्रश्न फक्त सांगली-साताऱ्याचाही नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या सदस्य देशांना जुने कपडे इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करणं बंधनकारक केलं आहे. तिथल्या धर्मादाय संस्थांपुढेही आज काकूंचाच प्रश्न उलटा उभा आहे: आलेल्या इतक्या कपड्यांचं करायचं काय?

मूठभर धान्य आणि पिशवीभर कपडे

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य जमवलं जायचं. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ही मुष्टिफंडाची गोष्ट तोंडपाठ असते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तोही मूठभर जोंधळे देऊ शकतो, आणि शंभर मुठी एकत्र आल्या की मुलांची भाकरी होते.

कपड्यांचं दानही आपण मनात तसंच धरतो. पण धान्याची एक मोठी सोय असते. माझ्या घरची मूठ आणि तुमच्या घरची मूठ एकाच पोत्यात पडली तरी चालतं. ती कुणालाही खाता येते, तिला माप लागत नाही. कपड्याचं तसं नाही. प्रत्येक कपडा कुणा एकाच्या मापाचा, एका वयाचा, एका ऋतूचा, एका गावच्या रीतीचा असतो. ऊसतोड करणाऱ्या बाईला घट्ट जीन्स देऊन उपयोग नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाला सफारी सूट देऊन उपयोग नाही. पिशवीतला प्रत्येक नग कुणीतरी हातात घेऊन उलटासुलटा पाहीपर्यंत ती पिशवी म्हणजे मदत नसते. ती नुसती शक्यता असते.

२०१९ च्या ढिगाने शिकवलेलं

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरू लागलं तशा राज्यभरातून मदतीच्या गाड्या आल्या. त्या माणसांचे उपकार फिटणारे नाहीत. पण ज्यांनी त्या दिवसांत कपडे आवरायचं काम केलं, त्यांना एक वेगळी गोष्टही आठवत असेल.

मी एका मंगल कार्यालयात चार दिवस हे काम केलं. गरज होती ती परकरांची, नव्या अंतर्वस्त्रांची, टॉवेलांची, चादरींची आणि रोज नेसता येतील अशा साध्या साड्यांची. गाड्यांतून उतरत होते ते जरीचे घागरे, एकेकटे मोजे, कॉलर विरलेले शर्ट, चेन तुटलेल्या पँटी. न धुतलेले कपडेही होते. बाहेर पावसाची झड, आत ओलसर गठ्ठे. तिसऱ्या दिवशी वास सुटला. ज्या दहा-बारा जणांनी चिखल उपसायला जायचं, ते कपड्यांच्या ढिगात अडकून पडले. एक आजी ढिगाजवळ आल्या, दोन कपडे उचलून पाहिले, परत ठेवले आणि म्हणाल्या, "बाळा, पुरात घर गेलंय, लाज न्हाई गेली." ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

हे फक्त सांगलीत घडलं असंही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दान आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. ते उचलून, निवडून, कामी लावण्याचं काम दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने केलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून ही संस्था सुरू केली होती. पुढे २०१५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या ढिगांतून त्यांनी देशाला दाखवलेली गोष्ट अगदी साधी आहे. कपडा देणं सोपं असतं. निवडायला माणसं, जागा, दिवस आणि पैसे लागतात.

बेदाण्यासारखी प्रतवारी

तासगावच्या बेदाण्याचे सौदे ज्यांनी पाहिलेत, त्यांना पुढचा भाग समजायला दोन मिनिटं लागतील. एकाच बागेचा, एकाच शेडवर वाळवलेला माल. पण व्यापाऱ्यापुढे तो एक ढीग म्हणून जात नाही. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा, शिवाय लांबी-जाडीप्रमाणे पुन्हा वेगळा. प्रत्येक प्रतीचं गिऱ्हाईक निराळं आणि दर निराळा. निवडलाच नाही, तर सगळ्या मालाला काळ्या बेदाण्याचा भाव येतो.

जुन्या कपड्यांचंही असंच होतं. या कामाला आपण प्रतवारी म्हणू. पहिली प्रत म्हणजे धड, स्वच्छ, कुणीही आनंदाने घालील असा कपडा. तो गरजूंना थेट दिला जातो, किंवा संस्थेच्या दुकानात थोड्या पैशांत विकला जातो. दुसरी प्रत घालण्याजोगी असते, पण इथे खपत नाही: जुनी फॅशन, नको तो रंग, चुकीचा हंगाम. ती दुसऱ्या बाजारात जाते. तिसऱ्या प्रतीचा कपडा घालण्याजोगा राहिलेला नसतो, मात्र त्याचं कापड अजून कामाचं असतं. सुती बनियन, चादरी, टी-शर्ट कापून यंत्रं पुसायची फडकी होतात. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये 'बनियन वेस्ट' विचारा, लगेच दाखवतील. लोकरी आणि जाड कपडे फाडून त्यांचा पुन्हा धागा केला जातो. आणि शेवटी उरतो तो कुजलेला, तेलकट, बुरशी आलेला माल. तो कचराच असतो, आणि तो टाकायलाही खर्च येतो.

दुकानात न विकला गेलेला कपडा म्हणजे दुसरी, तिसरी आणि चौथी प्रत मिळून. देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र कायम पहिलीच प्रत असते.

मग यातून संस्थेचं वसतिगृह कसं चालतं?

दान आलेले कपडे विकून संस्थेचं काम चालवायची कल्पना जुनी आहे. बोस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं, बेकार माणसांना ते दुरुस्त करायचं काम दिलं आणि विक्रीतून त्यांचीच मजुरी काढली. त्यातून 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. आजही त्या दुकानांचा पैसा लोकांना कामाचं शिक्षण देण्यात जातो. 'सॅल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती सेवासंस्थेची अमेरिकेतली व्यसनमुक्ती केंद्रं दान आलेल्या कपड्यांच्या आणि सामानाच्या विक्रीवर चालतात. फ्रान्समध्ये १९८४ पासून काम करणारी 'ल रले' ही संस्था रोजगार न मिळणाऱ्या माणसांना कपडे गोळा करायच्या आणि निवडायच्या कामावर घेते. जो कपडा विकत नाही त्याचे तंतू करून ती घरांच्या भिंतींत घालायचे उष्णतारोधक थर बनवते.

म्हणजे इथे दोन कामं एकदम होतात. विक्रीतून पैसा येतो आणि निवडण्यातून हातांना काम मिळतं. पैशांचा भाग कळावा म्हणून एक हिशेब मांडतो. यातले आकडे कुठल्या संस्थेचे नाहीत, फक्त समजुतीसाठी घेतलेत. प्रत्यक्षात गावागणिक फरक पडेल.

समजा शंभर किलो कपडे आले. त्यातले वीस किलो पहिल्या प्रतीचे, म्हणजे साधारण ऐंशी नग. संस्थेच्या दुकानात चाळीस रुपयांना एक विकला तर ३,२०० रुपये झाले. दुसऱ्या प्रतीचे तीस किलो व्यापाऱ्याने वीस रुपये किलोने नेले, त्याचे ६०० रुपये. तिसऱ्या प्रतीचे पस्तीस किलो सहा रुपयांनी गेले, २१० रुपये. उरलेला पंधरा किलो कचरा टाकायला दोन रुपये किलोने ३० रुपये खर्च. हातात आले ३,९८० रुपये. आता खर्च पाहू. निवडणाऱ्या दोन बायकांचा रोज, टेम्पोचं भाडं, जागेचं भाडं, वीजबिल, दुकानात बसणाऱ्याचा पगार मिळून २,४०० रुपये धरा. शिल्लक राहिले १,५८० रुपये. हा पैसा वसतिगृहाच्या किराण्याला, रुग्णांच्या डब्याला किंवा मुलींच्या फीला जाईल.

आता काकूंचं ऐकून संस्थेने ठरवलं, की उरलेला माल विकायचाच नाही. मग ऐंशी किलो टाकून द्यायला १६० रुपये लागतील. कमाई ३,२०० वरच थांबेल, खर्च मात्र तेवढाच राहील, कारण निवडावं तर लागलंच. शिल्लक किती? ६४० रुपये.

या हिशेबातली खरी गंमत इथे आहे. उरलेल्या कपड्यांचे आठशे रुपये एकूण कमाईत फार दिसत नाहीत. पण शिल्लक मात्र त्यांच्यामुळे दुपटीहून जास्त होते. साखर कारखान्याचं असंच असतं. पैसा मुख्यतः साखरेचा, पण मळी, बगॅस आणि प्रेसमड फेकून देणारा कारखाना आपल्याकडे कुणी शहाणा म्हणणार नाही. मळीतून अल्कोहोल निघतं, बगॅसवर बॉयलर पेटतो, प्रेसमडचं खत होतं. उसाची चिपाडं विकली म्हणून शेतकऱ्याचा अपमान झाला, असंही कुणी म्हणत नाही.

फाटक्या शर्टाचा पुन्हा शर्ट का होत नाही?

हा प्रश्न मला शाळेतल्या मुलांनी विचारला होता, आणि तो मोठ्यांनीही विचारायला हवा. कागदाचा कागद होतो, लोखंडाचं लोखंड होतं, मग कापडाचं कापड का नाही?

होतं, पण थोडंच. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार, कपड्यांसाठी जगभरात जेवढा कच्चा माल वापरला जातो त्यातला एक टक्क्याहूनही कमी पुन्हा नव्या कपड्यांत येतो. कारण धाग्यात आहे. कापसाचा तंतू साधारण इंचभर लांब असतो. असे हजारो तंतू एकमेकांना पीळ घालून धरून ठेवतात तेव्हा सूत बनतं. जुना कपडा पुन्हा सूत करायचा तर आधी तो फाडून, पिंजून तंतू मोकळे करावे लागतात. पूर्वी दारावर पिंजारी यायचा आणि गादीतला दबलेला कापूस धनुकलीने मोकळा करायचा. हे यंत्र तेच काम दात्यांनी ओरबाडून करतं. त्या ओढाताणीत तंतू तुटतात आणि आखूड होतात. आखूड तंतूंची पकड कमी, म्हणून सूत जाड आणि कच्चं निघतं. त्यात नवा तंतू मिसळावाच लागतो.

दुसरी अडचण मिश्रणाची. आपण ज्याला टेरिकॉट म्हणतो त्यात सूत आणि पॉलिस्टर एकत्र कातलेलं असतं. आता तर जीन्समध्येसुद्धा ताण देणारा लायक्रा आला आहे. चहात विरघळलेली साखर परत काढण्यासारखंच हे: अशक्य नाही, पण खर्चिक. म्हणून विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेजारी राहूनही आपले जुने शर्ट परत मागावर चढत नाहीत.

जुन्या लोकरीचा धागा करायची युक्ती मात्र दोनशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बॅटले गावी बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरी चिंध्या पिंजून नवं कापड विणलं. त्याला शॉडी म्हणतात. इंग्रजीत पुढे तोच शब्द हलक्या मालाला चिकटला, ही त्या कारागिरांवर थोडी अन्यायाचीच गोष्ट झाली. योगायोग असा, की ऑक्सफॅम या संस्थेचं 'वेस्टसेव्हर' नावाचं कपडे निवडायचं केंद्रही याच बॅटले गावात आहे. १९७४ मध्ये ते जवळच्या हडर्सफील्डला सुरू झालं. ब्रिटनभरच्या ऑक्सफॅमच्या दुकानांत जे विकलं जात नाही ते तिथे येतं.

आज या धंद्याचं मोठं ठाणं हरियाणातलं पानिपत आहे. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे रंगावारी लावले जातात, बायका त्यांची बटणं आणि चेनी कापून काढतात, मग ते पिंजून, कातून, विणून स्वस्त ब्लँकेटं होतात. लाल कपड्यांचं लाल सूत, त्यामुळे बहुतेक वेळा पुन्हा रंगवायची गरज पडत नाही. आपत्तीनंतर वाटली जाणारी जाड, करड्या रंगाची ब्लँकेटं पुष्कळदा अशीच बनलेली असतात. आपल्या पुरातही अशी ब्लँकेटं आली होती. कुणाचा तरी न खपलेला कोट फिरून फिरून पूरग्रस्ताच्या अंगावर आला, असंही म्हणता येईल.

"पण मी गरिबांना दिले होते, विकायला नाही"

काकूंचा मूळ आक्षेप हाच, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. माझं उत्तर दोन भागांत आहे.

एक, फुकट वाटणं आणि मदत होणं यात अंतर आहे. संस्थेच्या दुकानात पोरीसाठी चाळीस रुपयांचा फ्रॉक घेणारी आई चार फ्रॉक लावून पाहते, रंग निवडते, नको तो परत ठेवते. रांगेत उभं राहून हातात पडेल ते घेणाऱ्याला ही मुभा नसते. 'गूंज'ने यावर वेगळा मार्ग काढला. गावाने मिळून विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचा संच घ्यायचा. घेणाऱ्याची मान ताठ राहते. ज्यांच्याकडे चाळीस रुपयेही नाहीत त्यांना मात्र फुकटच द्यायला हवं, आणि चांगल्या संस्था ते देतात.

दोन, विकणं गैर नाही पण लपवणं गैर आहे. काकूंना राग आला तो व्यवहाराचा नाही, अंधाराचा. कपडे घेतानाच दारावर एक फलक लावला असता, "घालण्याजोगे कपडे वाटले किंवा विकले जातील, उरलेले व्यापाऱ्यास देऊन येणारी रक्कम वसतिगृहासाठी वापरली जाईल", तर काकूंनी तरीही पिशव्या दिल्या असत्या असं मला मनापासून वाटतं. वर्षाच्या शेवटी किती किलो आले, किती वाटले, किती विकले, किती पैसे आले आणि कुठे गेले, एवढ्या पाच ओळी लिहायला कुठल्याही संस्थेला जड जाऊ नये. त्या मागायचा हक्क देणाऱ्याला आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे. ज्या संस्थेला हा प्रश्न विचारल्यावर राग येतो, तिथे पिशवी देऊ नका.

एक खुलासाही इथेच करतो, कारण लोक विचारतात. आयकरात देणगीवर मिळणारी सवलत पैशांच्या देणगीलाच मिळते. कपड्यांच्या पिशवीची पावती त्या कामाला येत नाही.

"आपला कचरा दुसऱ्याच्या दारात तर नाही ना जात?"

जातो. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणं प्रामाणिक ठरणार नाही. श्रीमंत देशांतल्या संस्थांच्या दुकानांत न विकलेले कपडे गाठी बांधून आफ्रिकेत आणि आशियात जातात. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो बाजार याच कपड्यांवर उभा आहे. हजारो लोक तिथे शिवतात, उसवतात, रंगवतात, विकतात. पण गाठ फोडल्यावर निघणारा रद्दी माल त्यांच्याच गळ्यात पडतो, आणि तो गटारांत, समुद्रकिनाऱ्यावर साचतो. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला त्या बाजाराचा मोठा भाग आगीत जळाला. रवांडाने आपला शिवणउद्योग वाचवावा म्हणून २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरचा आयातकर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेला. त्याबदल्यात अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या कपड्यांना मिळणारी व्यापारसवलत थांबवली.

आपल्या देशात परदेशी जुने कपडे घालण्यासाठी म्हणून सरसकट आणता येत नाहीत, परवाना लागतो. चिंधी म्हणून आणायचे तर ते आधी कापून निकामी करावे लागतात. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मात्र परदेशी कपडे निवडून परत बाहेर पाठवणारे कारखाने आहेत.

सांगली-साताऱ्याच्या संस्थेला यातून घेण्यासारखी गोष्ट एकच: व्यापारी माल कुठे नेतो ते विचारायचं, आणि चौथ्या प्रतीचा कचरा तिसऱ्या प्रतीत दडवून त्याच्या माथी मारायचा नाही. टाकायचा तो स्वतः टाकायचा, त्याचा खर्च स्वतः सोसायचा.

बोहारणीचं काय?

हा आक्षेप कुणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. संस्था यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे जुन्या कपड्यांची व्यवस्था होती आणि ती डोक्यावर टोपली घेऊन दारात यायची. दोन पँटी आणि जरीची साडी दिली की स्टीलचं पातेलं. आई तासभर घासाघीस करायची. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून बघायची, ढुंगणावर विरलेली पँट बाजूला टाकायची. आपण वर जिला प्रतवारी म्हटलं ती हीच, आणि इतकी अचूक नजर अजून कुठल्या यंत्राला आलेली नाही. इंग्लंडमध्ये केटरिंगला सॅल्व्हेशन आर्मीच्या व्यापारी कंपनीने कापडातला तंतू ओळखून वेगळं करणारं 'फायबरसॉर्ट' नावाचं यंत्र बसवलं. ते सूत की पॉलिस्टर हे पटकन सांगतं, पण हा शर्ट कुणी घालील का, हे सांगायला माणूसच लागतो.

बोहारणीला सोडून सगळे कपडे संस्थेच्या पेटीत जाऊ लागले तर या बायकांचा धंदा मोडेल, ही भीती खरी आहे. संस्थांनी त्यांना निवडायच्या कामावर, रीतसर पगारावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. ज्ञान त्यांच्याकडे आहे, गोदाम संस्थेकडे.

वाकळ शिवणाऱ्या बायकांचंही तेच. आपल्या भागात जुन्या लुगड्यांची वाकळ, धोतराचं दुपटं, उरल्या तुकड्याची कुंची, शेवटी पोतेरं, इतकं झाल्यावरच कापड सुटायचं. न विकलेल्या सुती साड्या संस्थेने बचतगटाला द्याव्यात आणि शिवणाऱ्यांना नगावर मजुरी मिळावी. वीस रुपये किलोने जाणारी साडी वाकळ होऊन आली तर तिची किंमत कितीतरी वाढते, आणि वाढलेला पैसा गावात राहतो. पण यातही भाबडेपणा नको. वाकळीला मऊ सूत लागतं. आजचा बहुतेक माल सिंथेटिक साड्यांचा, आणि तो टाक्याखाली सरकतो.

सासूबाईंच्या चार साड्या

काकूंशी एवढं सगळं बोलल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बाकीचं जाऊ दे रे. आमच्या आत्याबाईंच्या साड्या चिंधीत गेल्या असतील का?"

गेलेल्या माणसाचे कपडे हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. घरात ठेववत नाहीत, टाकवत नाहीत. कुणी ते नदीत सोडतं, आणि ते माहुलीच्या किंवा सांगलीच्या घाटाशी अडकून कुजतात. संस्थेला दिले तर त्यांची रवानगी ढिगात होते, आणि ढिगात कुठल्याच साडीला नाव नसतं. निवडणाऱ्या बाईला ती साडी आत्याबाईंची आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून अशा कपड्यांसाठी मी घरच्यांना एकच सांगतो: ते पिशवीत मिसळू नका. एखादी वाकळ शिवून घ्या, किंवा ज्या बाईला ती साडी नेसलेली बघायला तुम्हाला आवडेल तिला स्वतः हातात द्या. बाकीचं कपाट संस्थेला द्या, आणि ते विकलं जाईल हे धरूनच द्या.

काकूंनी यंदाची पिशवी पुन्हा भरायला घेतली आहे. कशी भरायची हे त्यांनी विचारलं, ते इथेही लिहून ठेवतो. धुतलेले कपडेच द्यायचे. बटणं काढून घ्यायची नाहीत, बटणाविना शर्ट पहिल्या प्रतीतून थेट तिसऱ्या प्रतीत जातो. सलवार-कमीज-ओढणी एकत्र गाठ मारून द्यायचं, सुटलेली जोडी पुन्हा सापडत नाही. फाटकं सुती कापड वेगळ्या पिशवीत, वर 'चिंधी' लिहून. आणि पावसाळ्यात कपडे दोन दिवस कडक उन्हात वाळल्याशिवाय पिशवीला गाठ मारायची नाही, कारण एका ओलसर टॉवेलाची बुरशी आठवड्यात अख्ख्या गठ्ठ्याला लागते.